सेल तपासायचा तर बल्ब लावूनच!

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, आधी माझी एक चूक सांगतो. टॉर्चचा जुना सेल मीटरवर 1.4 व्होल्ट दाखवत होता. "सेल चांगलाय, बल्बच गेलाय," असं सांगून मी मोकळा झालो. एक मुलगा म्हणाला, "सर, बल्ब तर कालच आणलाय." मी त्याला खाली बसवलं. खरं तर तोच बरोबर होता.

नुसता मीटर लावला, तर सेलमधून जवळजवळ प्रवाहच वाहत नाही. तेव्हा दिसते ती विद्युतचालक प्रेरणा. बल्ब जोडला, की प्रवाह सेलच्या आतूनही जातो आणि आतला रोध काही व्होल्ट खातो. समजा, जुन्या सेलचा रोध 3 ओहम आणि प्रवाह 0.2 अँपियर आहे. मग 0.6 व्होल्ट आतच गेले, टोकांवर उरले 0.8. बल्ब नीट पेटणार कसा? स्टार्टर मारताना गाडीचा दिवा मंद होतो, तोही यामुळेच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आधी प्रयोग, मग व्याख्या. बल्ब जोडण्याआधी आणि जोडल्यावर, दोन्ही आकडे मुलांनाच वहीत लिहू द्या. आपल्या बीडची कितीतरी मुलं आई-वडिलांसोबत ऊसतोडीला जातात. फडाजवळच्या कोपीत अंधार पडला, की टॉर्चवरच भिस्त असते. त्यांना सेल पारखता यायलाच हवा. आणि एखादं पोरगं "पण सर..." म्हणालं, तर त्याला खाली बसवू नका.