चित्रातले घर आणि घरातली माणसे

हल्ली नव्या घराची वास्तुशांत असली, की प्रसादाच्या आधी घर दाखवण्याचा एक कार्यक्रम होतो. यजमानीणबाई पुढे आणि आपण मागे. हा हॉल, ही वेगळ्या रंगाची भिंत, हे छतात लपवलेले दिवे, ही मुलांची खोली. आपण 'छान, छान' म्हणत फिरतो. परतताना रिक्षात बसल्यावर ध्यानात येते, की गेल्या महिन्यात पाहिलेले घरही हुबेहूब असेच होते. तीच राखाडी भिंत, तोच फिकट सोफा, टीव्हीमागे त्याच लाकडी पट्ट्या, बाल्कनीत तेच प्लास्टिकचे हिरवे गवत आणि कोपऱ्यात डोळे मिटलेला तोच बुद्ध. एक घर कोथरूडचे होते, दुसरे ठाण्याचे, तिसरे नाशिकचे. तिन्ही घरांतल्या मंडळींनी आम्हाला मोठ्या कौतुकाने सांगितले होते, की 'आम्हाला जरा वेगळे काहीतरी हवे होते.'

घर सजवू नये असे म्हणणाऱ्यांतली मी नाही. ज्यांना उद्याच्या भाकरीची चिंता होती, त्यांनीही आपल्याकडे दारात सडा घातला आणि दोन बोटांची का होईना, रांगोळी ओढली. चैत्र आला की बायका अंगणात चैत्रांगण काढत. गौर, तुळस, शंख, चक्र, कासव, हत्ती असे सगळे त्यात असे. शेजारीण ते पाहून आपल्या अंगणात काढी आणि त्यात पदरची एखादी वेल घाली. म्हणजे नक्कल तेव्हाही होतीच. पण जिची नक्कल करायची तिचे अंगण, तिचे ऊन आणि तिचा पाऊस आपल्यासारखाच असे. आता नक्कल होते ती छायाचित्राची. पूर्वी ते गुळगुळीत कागदाच्या मासिकात असे, आता मोबाइलवर असते, आणि अंगठ्याने सरकवले की पुढचे हजर होते.

त्या छायाचित्राकडे एकदा नीट बघा. त्यात माणूस नसतो. चपला नाहीत, छत्री नाही, वाचून झालेला पेपर नाही, औषधांचा डबा नाही, चार्जरची वायर नाही. वाळत घातलेले कपडे तर नाहीतच. बिल्डर लोक सॅम्पल फ्लॅट दाखवतात त्यातही हीच युक्ती असते. काही ठिकाणी तर खोली मोठी दिसावी म्हणून पलंग मापाने लहान करून घेतलेले असतात आणि आतल्या खोल्यांना दारेच बसवलेली नसतात. नोकरीत असताना घरकर्जाच्या निमित्ताने असे फ्लॅट मी बरेच पाहिले. त्यांत मला नेहमी एकच प्रश्न पडे, की इथे केरसुणी कुठे ठेवायची?

बरे, हे चित्र ज्या देशातून आले तिथे ते खोटे नसते. पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, फिकट पडदे ही तऱ्हा उत्तर युरोपातली. डिसेंबरात स्टॉकहोमला सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी तीन वाजण्यापूर्वी मावळतो. तिथल्या माणसाने उजेडाचा कणन् कण भिंतीवरून परतवून घरात खेळवावा यात शहाणपण आहे. आपल्याकडे मे महिन्यात नागपूर-अकोल्याला पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. तिथे घराने करायचे काम नेमके उलटे, म्हणजे उजेड अडवायचा आणि सावली साठवायची. जुन्या वाड्यातले माजघर काळोखे असे म्हणून आपण त्याला नावे ठेवली. पण वैशाखात बाहेरून आलेला माणूस त्याच माजघरात फरशीवर अंग टाकी. आता पश्चिमेच्या भिंतीला जमिनीपासून छतापर्यंत काच बसवायची, मग त्या काचेला जाड पडदा लावायचा आणि पडद्याच्या आत एसी लावून बसायचे.

मुंबईच्या उंच इमारतीत दुसरे काय करणार, असे कुणी म्हणेल. पेडर रोडला चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली कांचनजंगा ही इमारत १९८३ मध्ये पुरी झाली. मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो, समुद्रही तिकडेच दिसतो, पण तिरपे ऊन आणि पावसाचा मारा यांचीही दिशा तीच. जुन्या बंगल्यांनी यावर चारी बाजूंनी व्हरांडा काढून तोड काढली होती. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून आकाशात नेला आणि घरांच्या कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या ठेवल्या. ती घरे श्रीमंतांची, हे कबूल. पण आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटला मिळालेली चार फुटांची बाल्कनी हाही त्याच व्हरांड्याचा गरीब भाऊबंद होता. तो आपण खोलीत घेतला. पुढे ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली, जी कधीच अर्ध्याहून जास्त उघडत नाही. आणि आता आत कोंदट होते म्हणून भिंतीवर जंगलाचे चित्र असलेला कागद चिकटवतो.

चित्रावरून घेतलेल्या कल्पनेत तिचे कारण गळून पडते आणि नुसते रूप हाती येते. याचा सगळ्यात गमतीचा दाखला म्हणजे विटांची भिंत. लॉरी बेकर हे इंग्लंडात जन्मलेले वास्तुशिल्पी भारतात आले आणि इथलेच झाले. २००७ मध्ये त्रिवेंद्रमला वारले. घर बांधायचे सामान पाच मैलांच्या परिसरातले असावे, हा गांधीजींचा सल्ला त्यांनी जन्मभर पाळला. विटा चांगल्या असतील तर त्यांवर गिलावा कशाला, तेवढेच सिमेंट आणि तेवढाच रंग वाचला, असा त्यांचा साधा हिशेब होता. त्यांच्या उघड्या विटा काटकसरीतून आल्या. आज आपण भिंत बांधतो, गिलावा करतो, पुट्टी लावतो, रंग देतो आणि त्यावर विटेसारख्या दिसणाऱ्या पातळ टाइल्स आणून चिकटवतो. बेकर यांना हे दाखवले असते तर ते बहुधा मोठ्याने हसले असते.

इथवर सगळे हसण्यावारी नेता येते. पण एका गोष्टीवर मला हसू येत नाही, आणि ती म्हणजे घरातली म्हातारी माणसे. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबाने गेल्या वर्षी घर नवे केले. आजोबांची वेताची आरामखुर्ची 'थीम'मध्ये बसेना, म्हणून ती गेली. नवा सोफा आला तो जेमतेम चौदा इंच उंचीचा आणि चांगला खोल. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यात बसता येते, उठता येत नाही. साधारण सतरा-अठरा इंचांची, हात टेकायला दांडे असलेली खुर्ची म्हाताऱ्या माणसाला लागते, हे कुठल्याही गावचा सुतार सांगेल. आजोबा आता दिवसभर जेवणाच्या टेबलाशी भिंतीकडे तोंड करून बसतात. त्याच घरात आरशासारख्या चकचकीत टाइल्स आहेत. त्यांवर पाण्याचे चार थेंब सांडले तर दिसतही नाहीत. पावसाळ्यात आजींचा पाय सरकला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, आजी वॉकर घेऊन चालतात. सून दिवसरात्र त्यांचे करते, मुलगा भला आहे. कुणाच्याही मनात वाईट नव्हते. फक्त ज्या चित्रावरून घर केले त्या चित्रात आजी नव्हत्या.

शहाबादी फरशी, कोटा, मोझेक यांना आपण मागासलेले ठरवले. त्यांवर पाय चिकटून राहत असे, उन्हाळ्यात गारवा मिळे आणि बसून भाजी निवडता येई. मुंबईच्या भारत टाइल्सने १९२२ पासून नक्षीच्या सिमेंट फरश्या केल्या. कितीतरी जुन्या इमारतींत त्या आजही टिकून आहेत, आणि हल्ली हौशी लोक तशाच नक्ष्या पुन्हा करून घेतात. ही फॅशन मात्र मला आवडते. निदान हिच्यात पाय घसरत नाही.

तीच गोष्ट स्वयंपाकाच्या ओट्याची. तयार मिळणारे मॉड्युलर ओटे छत्तीस इंचांच्या आसपास असतात. आपल्या घरातली बाई पाच फुटांची. कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओटा असावा, म्हणजे तिच्या मापाने तो बत्तीस इंचांच्या जवळपास येतो. चार इंचांनी काय बिघडते, असे वाटेल. रोज दोन वेळा कणीक मळून बघावी. नवऱ्याच्या विजारीचे माप घेतल्याशिवाय शिंपी कापड कापत नाही. बाईच्या कोपराचे माप न घेता तीन-चार लाखांचे स्वयंपाकघर होते.

पैशांचा विषय निघालाच आहे तर जुन्या सवयीने एक सांगते. घरकर्ज पंधरा-वीस वर्षांचे. ते घेताना हात मोकळे होतात आणि मग सजावटीसाठी वेगळे वैयक्तिक कर्ज काढले जाते, ज्याचे व्याज घरकर्जाहून चढे असते. उद्या घर विकायला काढले तर मूल्यांकन करणारा अभियंता जागा, क्षेत्रफळ आणि इमारतीचे वय बघतो. फॉल्स सीलिंगखाली उभा राहून तो मान वर करतो, पण आकडा सहसा बदलत नाही. मग हप्ता फिटेपर्यंत ते सीलिंग डोक्यावर राहते. खोलीची उंची सहा-आठ इंचांनी कमी होते, पंखा खाली येतो आणि वर जमलेली धूळ कुणाला पुसता येत नाही.

मग कल्पना घ्यायच्या तरी कुठून? पुण्यात असाल तर एखादी सकाळ राजा केळकर संग्रहालयात घालवावी. दिनकर केळकरांनी जन्मभर गावोगाव हिंडून जमवलेला हा संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. त्यातल्या बहुतेक वस्तू रोजच्या हाताळणीच्या. अडकित्ते, दिवे, पानाचे डबे, किसण्या, दरवाजे. मोरासारखा अडकित्ता करणाऱ्याने तो भिंतीवर टांगण्यासाठी केला नव्हता. सुपारी कातरता कातरता हाताला आणि डोळ्याला बरे वाटावे, एवढीच त्याची कल्पना. आपल्या आयांनी घंगाळे, बंब, हंडे मोडीत घालून स्टीलचे डबे आणले, त्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. चिंच लावून पितळ घासणे कुणाच्या वाट्याला येत होते ते मी पाहिले आहे. पण तीच घंगाळे आता पडलेल्या वाड्यांच्या खांबांसह जुन्या बाजारातून दामदुपटीने येतात आणि हॉलमध्ये पाणी भरून, गुलाबाच्या पाकळ्या टाकून ठेवली जातात. त्यात डास होतात. त्यापेक्षा एक पितळी तांब्या रोज पाणी प्यायला ठेवावा. तो जास्त शोभतो.

दुसरी सूचना त्याहून स्वस्त आहे. ताबा मिळाला की लगेच सुतार बोलावू नये. चार सतरंज्या टाकून महिनाभर राहावे. सकाळचे ऊन कुठे येते, संध्याकाळी वारा कुठून लागतो, आई आपण होऊन कुठे बसते, मूल अभ्यासाला कुठला कोपरा धरते, चपला आपोआप कुठे साचतात, हे बघावे. जिथे चपला साचतात तिथेच चपलांचे कपाट करावे. डेकोरेटरने दाखवलेल्या जागी केले तर कपाट रिकामे राहते आणि चपला पूर्वीच्याच जागी पडतात.

घराबाहेरच्या जागेचे तर विचारूच नका. परसात मोरीचे पाणी जिथे वाहत जाई तिथे अळू, कर्दळ आणि केळ लावत. सांडपाणी जिरे, वडीला पाने मिळत आणि कर्दळीची लाल-पिवळी फुले पूजेला होत. दारात पारिजातक, कुंपणाला जास्वंद आणि तगर, खिडकीखाली मोगरा. आता सोसायट्यांतून हिरवळ पाहिजे. भिजट हवेच्या इंग्लंडात लॉन आपोआप वाढते. आपल्याकडे एप्रिलमध्ये प्यायला टँकर येतो, त्यातलेच पाणी हिरवळीला जाते. ते परवडेना म्हणून प्लास्टिकचे गवत आले. दुपारी दोन वाजता त्यावर अनवाणी उभे राहून बघावे. झाडांचीही फॅशन असते. भराभर वाढते आणि सदा हिरवे दिसते म्हणून कोनोकार्पस सगळीकडे लागले. शेवटी २०२३ मध्ये गुजरात सरकारला त्याच्या लागवडीवर बंदी घालावी लागली.

आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला एक कडुनिंब आहे. नव्या 'लँडस्केप'च्या आराखड्यात तिथे पाम आणि पांढरे गोटे दाखवले आहेत. चित्र सुरेख आहे, त्यातही माणूस नाही. मी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी मिळून समितीला पत्र दिले आहे, की निंब ठेवा, त्याला अठरा इंच उंचीचा पार बांधा आणि टेकायला मागे एक दांडा लावा. सेक्रेटरी म्हणाले, 'मॅडम, म्हातारी मंडळी बसून राहतील तिथे.' मी म्हटले, 'हो, म्हणूनच.' सभा पुढच्या रविवारी आहे. कोरम झाला तर विषय निघेल.