मामाचा आहेर



आपल्याकडे लग्न म्हटले की मामाच्या आहेराकडे सगळ्यांचे डोळे असतात. हळदीच्या दिवसापासूनच बायका विचारू लागतात, "मामाने काय आणलंय?" दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीचे लग्न ठरले. त्याच सुमारास आमच्या घरी सौ.चे ऑपरेशन झालेले. पतपेढीचा एक हप्ता पगारातून कापला जात होताच. तरीही भाचीला लोखंडी कपाट द्यायचे म्हणून मी दुसऱ्या कर्जाचा अर्ज भरला. जामीनदारही गाठला.

बारावीत शिकणारी माझी मुलगी म्हणाली, "पप्पा, कर्ज नका काढू. ताईला मी काचेवर चित्र रंगवून देते."

मी रागावलो. "मामाने काच दिली म्हणून लोक हसतील."

"हसणारे हप्ते भरणार आहेत का?"

बी. कॉम. झालेल्या कारकुनाला हा हिशेब मुलीने शिकवावा! मी अर्ज फाडून टाकला.

काचेच्या मागच्या बाजूने चित्र रंगवण्याची कला अठराव्या शतकात चीनकडून आपल्या देशात आली आणि पुढे तंजावरकडे चांगली रुजली. आता रंगांच्या तयार बाटल्या मिळतात, त्यामुळे हे काम घरीही जमते. आमच्या मुलीने केले ते असे :

दहा बाय बारा इंचांची, चार मिलिमीटर जाडीची साधी काच आणली. दुकानदाराकडूनच कडा घासून घेतल्या, नाहीतर हात कापतो. काच स्पिरिटने पुसली. बोटाचा तेलकट डाग राहिला तर तिथे रंग धरत नाही. चित्रासाठी पिंपळपान आणि दोन कमळे घेतली. तथागतांचा चेहरा पहिल्याच प्रयत्नात घेऊ नये, एक रेघ चुकली तरी मनाला लागते. चित्राचा कागद काचेखाली चिकटवून लायनरच्या ट्यूबने बाह्यरेषा काढल्या. रेषा कुठेही तुटकी नको, तुटली की तिथून एक रंग दुसऱ्यात शिरतो. रेषा रात्रभर वाळू दिल्या. दुसऱ्या दिवशी ब्रशने रंग भरले. बाटली हलवायची नाही, बुडबुडे येतात. आलेच तर टाचणीने फोडावेत. रंग वाळेपर्यंत काच सपाट ठेवावी, उभी केली तर रंग ओघळतो. थिनरने ब्रश धुवावे लागणारे रंग असतील तर खिडकी उघडी ठेवा आणि काम स्टोव्ह-गॅसपासून दूर करा.

पहिली काच वाया गेली. रंगाची बाजू आत ठेवून फ्रेम केली तर चित्राला ओरखडा जात नाही, म्हणून आम्ही काच उलटून पाहिली, तर नवरा-नवरीची नावे उलटी! पोरगी रडकुंडीला आली. लग्नाला सहा दिवस उरले होते. उपाय सोपा निघाला. नावे लिहिलेला ट्रेसिंग पेपरच उलटा करून काचेखाली ठेवायचा आणि दिसेल तसे गिरवायचे. रंग पूर्ण वाळल्यावर मागे चुरगळून सरळ केलेला चांदीसारखा कागद लावला. पिंपळपान झळकू लागले.

खर्च : दोन काचा १२० रुपये, रंग व लायनर २७०, फ्रेम २८०, किरकोळ ५०. एकूण ७२० रुपये.

लग्नात त्रिसरण-पंचशील झाले, मंगल परिणय पार पडला आणि माईकवर आहेर वाचायला सुरुवात झाली. "मामांकडून हाताने रंगवलेली काचेची तसबीर," असे वाचताच मागे कोणीतरी हसले. खोटे कशाला सांगू, माझी मान खाली गेली. आक्काही त्या दिवशी माझ्याशी धड बोलली नाही. मुलीने मात्र ते सगळे पाहिले आणि घरी येईपर्यंत गप्प राहिली. त्याचे मला जास्त वाईट वाटले.

महिन्याभराने भाचीच्या खोलीवर गेलो. दारासमोरच्या भिंतीवर तसबीर होती. भाची येणाऱ्या शेजारणीला सांगत होती, "माझ्या बहिणीने केलीय." आक्काही तिथेच होती. माझ्या हातात चहा देत तिने हळूच विचारले, "कर्ज काढलं नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस. या लग्नाचे हप्ते मी अजून भरतेय."

बंधु-भगिनींनो, नव्या संसाराला भांडी-कपाट लागतेच. ते पाच-सहा नातेवाइकांनी मिळून द्यावे, एकट्याने कर्जात बुडू नये. आणि घरात एखाद्या मुलाच्या, मुलीच्या हातात कला असेल तर तिला लग्नाच्या मांडवात जागा द्या. लोक हसले तर मान खाली घालू नका. मी घातली, ती चूक झाली.

जयभीम!