जुना रेकॉर्ड चेंजर भंगारात घालू नका

चोर बाजारात जुन्या रेडिओग्रामसोबत गॅरार्ड, बीएसआर अशा इंग्लिश बनावटीचे रेकॉर्ड चेंजर येतात. सात-आठ तबकड्या रचल्या की एकेक आपोआप खाली पडते आणि वाजते. तासभर उठायला नको. यंत्र अडले की मात्र ते भंगाराच्या भावात जाते. हा तोट्याचा सौदा आहे. बहुधा ग्रीस सुकून घट्ट झालेले असते आणि रबरी चाक कडक पडलेले असते. जोर लावू नका. जुने ग्रीस रॉकेलने धुवा, रबराला तेल लागू देऊ नका, चाकावर नवे रबर चढवा. झिजलेली सुई तबकडी कापते, तीही बदला. काय बदलले ते बिलावर लिहा. लपवून एकच नग खपतो. खरे सांगितले तर गिऱ्हाईक पुन्हा येते.