सोमवारची निळी गोळी



किशोरींच्या शिबिरात मी एक प्रश्न हमखास विचारते. शाळेतून घरी आल्यावर कुणाकुणाला नुसतं पडून राहावंसं वाटतं? आधी कुणी हात वर करत नाही. मग एक हात वर होतो, आणि पाठोपाठ जवळजवळ सगळे. घरी हे सांगता का, असं विचारलं की हशा पिकतो. "सांगितलं तर आई म्हणते, आत्ताच दमलीस, सासरी कसं निभवशील?"

मुलगी दमली की ती आळशी ठरते. तिचं रक्त तपासावं हे कुणाच्या मनात येत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं आढळलं. आधीच्या २०१५-१६ च्या फेरीत हे प्रमाण ५४ टक्के होतं. बोट टोचून काढलेल्या थेंबावर मोजलं की आकडा फुगतो, असा आक्षेप काही तज्ज्ञ घेतात. घेऊ देत. त्याच पद्धतीने तपासलेल्या त्याच वयाच्या मुलग्यांत हे प्रमाण ३१ टक्के निघालं, आणि त्यांच्यासाठी तर हिमोग्लोबिनची मर्यादा १३ धरतात, मुलींसाठी १२.

या वयात दोघांचीही वाढ झपाट्याने होते, दोघांनाही लोह जास्त लागतं. मुलीचं त्यातलं दर महिन्याला पाळीतून जातं. लोह कमी पडलं की आधी शरीरातला साठा आटतो, हिमोग्लोबिन त्यानंतर उतरतं. म्हणून हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही मुलगी थकलेली असू शकते. जिना चढताना धाप लागणं, अभ्यासात लक्ष न लागणं, माती किंवा खडू खावासा वाटणं, ही सगळी लोह कमी असल्याची लक्षणं असू शकतात. माती खाल्ली म्हणून मार मिळतो तो वेगळाच.

शरीराची गरज जास्त, आणि ताटात कमी. मटण शिजतं त्या दिवशी कलेजी कुणाच्या ताटात जाते आणि रस्सा कुणाच्या, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. मांसातलं लोह शरीरात जितकं मुरतं तितकं भाजीतलं मुरत नाही, म्हणून ही वाटणी रक्तात उतरते. आपली पोस्टरंही जरा तपासायला हवीत. त्यांवर बीट आणि डाळिंब असतंच असतं. लाल खाल्लं म्हणून रक्त वाढत नाही. बीटात लोह बेताचंच असतं. मटकी, हरभरा, बाजरी, अळीव हे आपल्या आवाक्यातलं आहे. त्यावर लिंबू पिळलं किंवा सोबत आवळा खाल्ला की लोह जास्त शोषलं जातं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला की कमी. चहा तासभर पुढे ढकलायला पैसे पडत नाहीत.

आता गोळीबद्दल. शाळांतून किशोरांना आठवड्याला एक लोहगोळी देण्याची सरकारी योजना एक तपाहून जुनी आहे. निळी गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड. गोळी म्हणजे भुकेवर लावलेली मलमपट्टी, अशी टीका आपल्याच बैठकांत होते. टीका खरी आहे. तरीही गोळीला विरोध करू नये असं माझं ठाम मत आहे. भरलेलं ताट येईल तेव्हा येईल, तोवर या मुलीने का थकावं?

पण ती पोटात जाते का, हे पाहायला हवं. अनेक ठिकाणी गोळीचा वार सोमवार असतो. आपल्याकडे कितीतरी मुलींचा सोमवारी उपास! सकाळी चहा, दुपारी साबुदाणा, आणि रिकाम्या पोटी लोहगोळी. मळमळतं, एखादी ओकते, वर्गात ओरड होते, आणि पुढच्या सोमवारी गोळ्या खिडकीबाहेर. वार बदलावा किंवा जेवणानंतरच गोळी द्यावी, एवढी मागणी मुख्याध्यापकांकडे सहज करता येईल. शी काळी होते ती लोहामुळे, हे मुलींना आधीच सांगावं.

ही गोळी बचावासाठी आहे, उपचारासाठी नाही. रक्तक्षय निघाला, तर सरकारच्याच नियमाप्रमाणे रोज दोन गोळ्या तीन महिने द्यायच्या असतात; हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर दवाखाना गाठायचा. गोळ्या नेमाने घेऊनही रक्त वाढत नसेल, तर पाळीत किती जातं ते विचारा. सात दिवसांहून जास्त चालणारी किंवा तासातासाला पॅड बदलायला लावणारी पाळी 'सगळ्यांनाच होतं' म्हणून सोडू नका. जंत, थॅलेसेमिया पाहावे लागतात. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची तपासणी आधी, गोळ्यांचा सपाटा नंतर.

शाळेचं जेवण आठवीपर्यंत. नववीतली मुलगी, जिला आता पाळीही येते, तिच्या पुढ्यातली थाळी सरकार काढून घेतं. या प्रश्नावर आपण मोर्चा काढलेला मला आठवत नाही. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेली मुलगी हंगामभर शाळेबाहेर, म्हणजे गोळीबाहेरही. शाळाबाह्य मुलींसाठी अंगणवाडीत गोळी असते. फडावर अंगणवाडी कुठली?

आणि विश्रांतीचं काय? २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाया त्याला दिवसाला २९९ मिनिटं देत होत्या, घरकाम करणारे पुरुष ९७. बायांच्या वाट्याला आलेलं हे काम मुलगी हाताशी आल्यावर तिच्या वाट्याला सरकतं. भाऊ खेळायला जातो तेव्हा ती हंडा उचलते. ही बेरीज कुठल्याच तपासणीच्या कागदावर येत नाही.

पुढच्या अंकासाठी गटांनी आपापल्या गावच्या शाळेत दोन गोष्टी विचारून याव्यात. गोळी कोणत्या वारी, जेवणाआधी की नंतर? आणि गेल्या वर्षी किती मुलींचं हिमोग्लोबिन तपासलं, त्यांतल्या किती जणींना उपचाराच्या गोळ्या मिळाल्या? पोस्टकार्डावर लिहिलंत तरी चालेल.