जावंदे रे!

मालवणच्या बाजारात माझ्या आईला शिळा बांगडा विकून दाखवा, मी तुम्हाला पार्टी देईन! ती आधी कल्ले उघडून बघते, मग डोळे, मग बोटाने दाबून. एवढं करून फसलीच, तर दुसऱ्या दिवशी त्याच मावशीसमोर उभी राहून अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा हिशोब मागते. आणि तिचाच मुलगा, थर्ड इयरचा भावी इंजिनिअर, खोक्यात काय आहे ते न बघता 1,249 रुपये आधी भरून मोकळा होतो.

गणपतीच्या सुट्टीत घरी असताना मी सायंटिफिक कॅल्क्युलेटर मागवला. खोक्यात निघाला किराणा दुकानात असतो तसला, बेरीज-वजाबाकीचा. चॅटवर चार वेळा ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ वाचल्यावर कळलं की 416606 या पिनकोडवरून वस्तू परत न्यायची सोयच नाही, स्वतःच्या खर्चाने पाठवा. म्हणजे आणून द्यायला मालवण सापडतं, परत न्यायची वेळ आली की नकाशातून गायब!

हॉस्टेलवर आल्यावर रूममेट म्हणाला, “जावंदे रे, कित्याक डोक्याक ताप करून घेतंस?” विंगमध्ये विचारलं तर जवळपास प्रत्येक खोलीत असा एखादा ‘जावंदे’ निघाला. एकाकडे तर दोन्ही डाव्या पायाचे बूट आहेत. माझं स्पष्ट मत आहे की या लोकांचा खरा धंदा आपल्या ‘जावंदे’वर चालतो. हजार-बाराशेसाठी कोण भांडत बसणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

पण कायदा आपण समजतो तितका दूर नाही. 1986 च्या ग्राहक कायद्यात साधारणपणे समोरच्याचं ऑफिस जिथे, किंवा प्रकरण घडलं तिथे तक्रार करावी लागे. तक्रार नेमकी कुठे करायची यावरच वाद व्हायचा. 2019 चा नवा कायदा 20 जुलै 2020 ला लागू झाला आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येऊ लागली. आपल्यासाठी म्हणजे ओरोसला. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. ई-जागृती पोर्टलवरून अर्ज रूमवर बसूनही भरता येतो. त्याच जुलैत आलेल्या ई-कॉमर्सच्या नियमांनुसार, सदोष किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा माल परत घ्यायला, पैसे परत द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. त्यात पिनकोडचा अपवाद मला तरी कुठे दिसला नाही.

मी ओरोसपर्यंत गेलोच नाही. कंपनीला तक्रार अधिकारी नेमून त्याचं नाव-पत्ता साईटवर द्यावा लागतो. त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. मला पोच आली, पुढे शांतता. महिना उलटल्यावर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन केला. मराठीत बोलता आलं. ऑर्डरचा नंबर, बिल, खोक्याचे फोटो आणि चॅटचे स्क्रीनशॉट एवढंच लागलं. हेल्पलाईन कोर्ट नव्हे, तिला हुकूम काढता येत नाही, ती तक्रार कंपनीकडे नेते. पण नवव्या दिवशी पैसे खात्यात आले. चॅटवर फोनवर भांडत बसलो असतो तर हातात कागद काहीच राहिला नसता, म्हणून सांगतो, भांडण लेखीच करा.

आणि एक. गेटवर पार्सल आणणाऱ्या पोरावर ओरडू नका. तो आपल्याच कुडाळ-कणकवलीचा असतो, खोक्यात काय आहे ते त्यालाही माहीत नसतं. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, कंपनीच्या ॲपमधूनच घ्या. पैसे परत मिळवायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. जो मागतो तो चोर. देऊन बसलात तर लगेच 1930 ला फोन करा.

वॉर्डन सरांना एक विनंती आहे. आपल्या नोटीस बोर्डावर मेसच्या थकबाकीची यादी बारा महिने असते. तिच्या बाजूला हे दोन नंबर लावायला किती जागा लागेल?

तो किराणा कॅल्क्युलेटर न्यायला अजून कोणी आलेलं नाही. सध्या मेस सेक्रेटरी त्याच्यावर हिशोब करतो.