नुसते ‘धानोरा’ लिहून भागत नाही

१/५
नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्याच्या एखाद्या घराण्याचा इतिहास लिहिताना ‘सातबाऱ्यावर पणजोबांचे नाव आहे’ एवढेच नोंदवणे हा पुरावा नव्हे. ती ऐकीव गोष्टच राहते.

२/५
धानोरा नावाची गावे महाराष्ट्रात अनेक. गडचिरोलीत तर त्या नावाचा तालुकाच आहे. जिल्ह्याचे नावही बदलत गेले: १९०६ पर्यंत खानदेश, नंतर पश्चिम खानदेश, पुढे धुळे आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार. म्हणून कागदावरील जिल्हा जसाच्या तसा उतरावा आणि आजचा शेजारी द्यावा.

३/५
गाव, तालुका, नमुना क्रमांक, सर्व्हे वा गट क्रमांक आणि उताऱ्याचे वर्ष, हे सारे संदर्भात हवे. १९४७ च्या कायद्यान्वये जिथे एकत्रीकरण झाले, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. दोहोंची सांगड न घातल्यास परक्याचे शेत आपले ठरते.

४/५
सातबारा जमीन कोणाच्या नावे आहे ते सांगतो. ती त्याच्याकडे कशी आली, हे गाव नमुना ६ मधील फेरफार सांगतो. वारसनोंदीचा फेरफार हाच वंशावळीचा भक्कम दुवा.

५/५
मात्र उताऱ्यात नाव नाही म्हणून कुटुंबच तिथे नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे. या आदिवासीबहुल जिल्ह्यात वनजमीन कसणाऱ्या अनेक पिढ्यांची नावे सातबाऱ्यावर कधी चढलीच नाहीत. वनहक्काच्या २००८ च्या नियमांनी वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही पुरावा मानले. कायद्याने जे ऐकून घेतले, ते इतिहासाने नाकारू नये. सांगणाऱ्याचे नाव आणि दिनांक घालून तेही तितक्याच काटेकोरपणे नोंदवावे.