वाफसा पाहून पेरा

आमच्या माणदेशातला शेतकरी नक्षत्र पाहतो, पण नुसत्या पंचांगावर भिस्त ठेवून पेरत नाही. रानात जातो, ढेकूळ हातात घेऊन फोडून पाहतो, आणि वाफसा आला असेल तरच पाभर जुंपतो. पिकाच्या बाबतीत एवढे शहाणे असलेलो आम्ही पोरांच्या बाबतीत मात्र पंचांग उघडून बसतो. ‘कितव्या वर्षी घालावं?’ हा एकच प्रश्न!

माझ्या पुण्याच्या चिरंजीवांनी तो प्रश्न मला न विचारताच सोडवला. नात चार वर्षांची होताच तिला जिम्नॅस्टिक्सच्या वर्गाला घातली. मी कुरकुर केली तेव्हा फोनवर म्हणाले, “अण्णा, तुम्हाला कळायचं नाही. आता नाही घातली तर उशीर होईल.”

कशाला उशीर, ते त्यांनी सांगितले नाही.

पुढच्या दिवाळीला पोर म्हसवडला आली. तिची चुलत भावंडे माणगंगेच्या कोरड्या वाळूत कोलांट्या मारीत होती. ही काठावर उभी. म्हटले, “अगं, तू तर शिकतेस ना? जा की!” म्हणाली, “माझा गुडघा वाकतो. सर ओरडतात.” मग हळूच सांगितले, की पाय फाकवून बसवतात आणि वरून दाबतात, रडले तर पुन्हा दाबतात.

पाच वर्षांच्या पोरीला वाळूत लोळण्याची भीती वाटावी, याला शिक्षण म्हणायचे काय?

आता माझ्यावर उदाहरणांचा मारा होईल. दीपा कर्माकरने सहाव्या वर्षी सुरुवात केली आणि २०१६ साली रिओत तिचे कांस्यपदक अवघ्या ०.१५० गुणांनी हुकले. नादिया कोमानेचीने १९७६ साली माँट्रियलला दहापैकी दहा गुण मिळवले तेव्हा ती १४ वर्षांची होती. खरे आहे. पण त्यापुढची गोष्ट कोणी सांगत नाही. त्याच खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघाने मोठ्या स्पर्धांसाठी मुलींचे किमान वय १९८१ साली १५ केले आणि १९९७ साली १६. कोवळी शरीरे पदकासाठी पिळली जात आहेत, हे ज्यांच्या डोळ्यांदेखत चालले होते त्यांनाच कुंपण घालावे लागले. आणि ॲग्नेस केलेतीने १९५६ साली मेलबर्नला चार सुवर्णपदके जिंकली तेव्हा ती ३५ वर्षांची होती. ओक्साना चुसोवितिना टोकियोत उतरली ती ४६ व्या वर्षी! मग उशीर, उशीर म्हणून उर बडवायचा तो कोणत्या हिशेबाने?

शरीराचा हिशेब साधा आहे. मुलाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक मऊ थर असतो. हाड तिथून वाढते. हातांवर उभे राहिले की सगळा भार मनगटावर येतो. हे थोडे झाले तर अंग कणखर होते. रोज तासन्‌तास झाले तर त्या थरालाच इजा होते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली पालकांना बजावले, की एकाच खेळाला मुलाला जखडणे १५-१६ वर्षांपर्यंत शक्यतो टाळा. म्हणजे सहा-सात वर्षांपर्यंत पोराने लोळावे, लोंबकळावे, झाडावर चढावे, फुगडी घालावी. पुढे त्यालाच ओढ वाटली, गादी आणि जाणता शिक्षक मिळाला, तर खुशाल शिकावे. पण दुखते म्हणताच जो थांबत नाही, तो शिक्षक नव्हे. तिथून पोर उचलून आणावे.

इथवर मी मुलाला झोडपले. आता स्वतःची पाळी.

माझी लेक शाळेत दोराच्या मल्लखांबावर माकडासारखी चढे. तेराव्या वर्षी मी म्हणालो, “पुरे आता. मोठी झालीस.” ती वाद न घालता घरात गेली. मला वाटले, मी समंजस बाप आहे! याच माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २७ व्या वर्षी रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. तिला तेराव्या वर्षी कोणी ‘पुरे’ म्हटले असते तर? शहरात पोरींना वेळेआधी जुंपतात, आमच्याकडे वेळेआधी सोडवतात. दोन्हीकडे पोरीला विचारायचे तेवढे राहून जाते.

त्या संध्याकाळी माझी लेकही माहेरी आली होती. भाचीचे बोलणे तिने ऐकले. काही न बोलता चाळिशी ओलांडलेल्या त्या बाईने ओढणी कमरेला बांधली आणि वाळूत एक कोलांटी मारली. वाकडीतिकडीच. गुडघे तर दोन्ही वाकलेले. पोर आधी बघत राहिली, मग खुदकन हसली आणि आत्याच्या मागोमाग गडगडत गेली.

चिरंजीवांनी तो वर्ग सोडवला. नात आता आठ वर्षांची आहे आणि परवा तिनेच विचारले, “आजोबा, दोरावर चढायला कुठं शिकवतात?”

वाफसा असा येतो. तो मातीत दिसतो, पंचांगात नाही. आणि लेकीच्या बाबतीत तो हातचा घालवलेला हा म्हातारा तुम्हाला हात जोडून सांगतो आहे, की पेरण्याआधी ढेकूळ फोडून पाहा, आणि उगवून आलेले पीक उपटू नका.